घसा बरा झाला, मग हुडहुडी का भरली?

वाचकाचं पत्र

माझा मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दिवाळीनंतर त्याचा घसा धरला, ताप आला. औषधाच्या दुकानातून अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांची पट्टी आणली. तीन दिवसांत घसा उतरला, पोरगा जेवायला लागला. सहाव्या रात्री अशी हुडहुडी भरली की दोन ब्लँकेटं घातली तरी थांबेना. सकाळी रक्त तपासलं तर प्लेटलेट ६८ हजार. सगळ्यांनी डेंग्यू डेंग्यू केलं, पण डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली. म्हणून त्याच गोळ्यांची दुसरी पट्टी दिली. आठव्या दिवशी श्वास घेताना छातीत दुखायला लागलं, तेव्हा भरती केलं. डॉक्टर म्हणाले, घशातले जंतू रक्तात गेले, मानेच्या शिरेत गुठळी आहे, फुप्फुसातही डाग आहेत. १६ दिवसांनी घरी आणलं. कागदावर ‘लेमिएर सिंड्रोम’ लिहिलं आहे. साध्या घशाच्या दुखण्याचं असं कसं होऊन राहिलं? आमचं काय चुकलं? त्याची हिवाळी परीक्षा तोंडावर आहे. त्यात परवापासून ११ वर्षांच्या धाकटीचा घसा दुखून राहिला. मला रात्र रात्र झोप नाही. पुढच्या महिन्यात नणंद बाळंतपणाला आमच्याकडे येणार आहे, तिचीही काळजी वाटते.

— एक आई, नंदनवन, नागपूर

उत्तर

ताई,

आधी धाकटीचं बोलू, कारण आज घरात निर्णय तिच्याबद्दल घ्यायचा आहे. भावाला जे झालं ते भावाकडून तिला लागत नाही. लेमिएर सिंड्रोम बहुतेक वेळा फ्युझोबॅक्टेरियम नेक्रोफोरम नावाच्या जंतूमुळे होतो. हा जंतू काही धडधाकट माणसांच्या घशातही सापडतो. हा आजार मुख्यतः १५ ते २४ या वयात दिसतो आणि त्या वयातही फार विरळा आहे. डेन्मार्कमध्ये देशभरची मोजदाद झाली तेव्हा या वयोगटात दर १० लाखांमागे वर्षाला साधारण १४ रुग्ण निघाले. एका घरात दुसरा रुग्ण निघेल अशी भीती धरू नका.

तिला खिडकीजवळ उजेडात बसवा, मोबाइलचा टॉर्च धरा आणि ‘आ’ म्हणायला सांगा. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, डोळे लाल आहेत, यातलं काही असेल तर दुखणं जवळजवळ नक्की विषाणूचं. त्याला अँटिबायोटिक लागत नाही. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल पुरे. मात्र खोकला-सर्दी काही नाही, ताप १००.४च्या वर, टॉन्सिल सुजून त्यावर पांढरे-पिवळे ठिपके, आणि जबड्याच्या कोपऱ्याखाली हात लावला की दुखणाऱ्या गाठी, असं चित्र असेल तर स्ट्रेप्टोकोकस असण्याची शक्यता बरीच वाढते. शाळकरी मुलांच्या घसादुखीत दहातल्या दोन-तीन जणांना हा जंतू सापडतो, मोठ्यांमध्ये त्याहून कमी. अशा वेळी डॉक्टरांकडे न्या आणि घशाचा स्वॅब कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला, पाठवता येईल का ते विचारा. रिपोर्टला एक-दोन दिवस लागतात. तेवढं थांबल्याने बिघडत नाही, कारण घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी संधिवाताच्या तापापासून, म्हणजे हृदयाच्या झडपा खराब करणाऱ्या त्या आजारापासून, संरक्षण मिळतं. मूल फार आजारी दिसत असेल तर डॉक्टर स्वॅब घेऊन औषध लगेच सुरू करतील, तेही बरोबरच आहे.

एएसओ नावाची रक्ततपासणी आपल्याकडे सर्रास लिहून दिली जाते. आजचा घसा कशाने दुखतोय हे ती सांगत नाही. संसर्ग होऊन आठवडा उलटल्यावर तो आकडा चढायला लागतो आणि तीन ते सहा आठवड्यांनी सर्वात वर जातो. म्हणजे तो मागे होऊन गेलेल्या संसर्गाचा पुरावा आहे. आज तिच्यासाठी त्यावर पैसे घालवू नका.

स्ट्रेप्टोकोकसच निघाला तर औषध साधं आणि स्वस्त आहे: अ‍ॅमॉक्सिसिलिन, दिवसाला वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅम, पण दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नाही, १० दिवस. तुमची मुलगी ३० किलोच्या आसपास असेल तर तिचा डोस या कमाल मर्यादेवरच येतो. तोंडाने औषध घेणं जमत नसेल तर बेन्झाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन असतं, २७ किलोच्या वर १२ लाख युनिट. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, मग औषध बदलतं. तिसऱ्या दिवशी घसा उतरतो आणि बाटली कपाटात जाते, हे बहुतेक घरांत होतं. दहा दिवस लिहिले असतील तर दहाही दिवस द्या. तापासाठी पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. डायक्लोफेनॅक किंवा निमेसुलाइड घातलेल्या मिश्रणाच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नका. निमेसुलाइडला १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे. शिवाय डेंग्यूचे दिवस असले की डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एक मात्र लक्षात ठेवा. मूल पुढे वाकून बसलंय, लाळ गिळता येत नाही, श्वास घेताना आवाज येतोय, असं दिसलं तर घशात चमचा घालून बघू नका, आडवं झोपवू नका. तसंच बसलेलं उचलून थेट दवाखान्यात न्या. घशात राखाडी पापुद्रा चिकटलेला दिसला तर तो घटसर्प असू शकतो, तेव्हाही त्याच दिवशी.

आता मुलाचं. घशातून रक्तात जंतू जाणं ही गोष्ट तशी रोज घडते. दात घासताना हिरडीतून रक्त येतं तेव्हाही थोडे जंतू रक्तात उतरतात. यकृत आणि प्लीहा ते गाळून टाकतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत जंतूंना तळ ठोकायला जागा मिळाली. टॉन्सिलच्या मागे, मानेत खोलवर, मोठी शीर असते. डोक्याकडचं रक्त तीतून हृदयाकडे उतरतं. टॉन्सिलमधून बारीक शिरांच्या वाटेने किंवा आजूबाजूच्या मांसातून जंतू तिथपर्यंत पोचले, शिरेची भिंत सुजली, आत गुठळी झाली. हा जंतू ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढतो, आणि गुठळीच्या पोटात ऑक्सिजन नसतोच. मग त्या पू भरलेल्या गुठळीचे कण सुटतात. शिरेतलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूतून आधी फुप्फुसात जातं, म्हणून पहिली चाळणी फुप्फुसाचीच. स्कॅनमध्ये दिसले ते डाग म्हणजे अशा कणांनी केलेली छोटी छोटी गळवं. श्वास घेताना छातीत टोचत होतं ते त्यामुळेच.

यासाठी वेळ लागतो, आणि या आजाराची खूण त्या वेळातच आहे. साधारण चौथ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास घशाचं दुखणं कमी होत असतं आणि नेमका तेव्हाच माणूस बिघडतो. फ्रेंच डॉक्टर आंद्रे लेमिएर यांनी १९३६ साली २० रुग्णांची नोंद केली, त्यातले १८ दगावले होते. पेनिसिलिन आल्यावर आजार इतका कमी झाला की वैद्यकात त्याला ‘विसरलेला आजार’ म्हणू लागले. आज योग्य औषध वेळेत मिळालं तर बहुतेक जण वाचतात. तुमचा मुलगा वाचला. पण विसरलेला असल्यामुळे तो पहिल्या भेटीत आठवतोच असं नाही, आणि म्हणून घरच्यांनी नेमकं काय सांगायचं हे माहीत असणं महत्त्वाचं.

तुमचं काय चुकलं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सरळ सांगतो. पहिल्या पट्टीने हा आजार झाला नाही. घसा धरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटतं ते बहुतेकदा आपोआप. गोळ्या त्याच दिवसांत घेतल्या म्हणून श्रेय त्यांना मिळतं. पण अ‍ॅझिथ्रोमायसिनचा फ्युझोबॅक्टेरियमवर भरवसा धरता येत नाही, हा जंतू त्या औषधाला मुळातच फारशी दाद देत नाही. स्ट्रेप्टोकोकसमध्येही या गटातल्या औषधांना न जुमानणारे जंतू ठिकठिकाणी सापडतात. तीन गोळ्यांचा सुटसुटीत कोर्स म्हणून नागपुरात घराघरांत ही पट्टी असते, आणि घशासाठी ती पहिली निवड नव्हे. तरी, त्या आठवड्यात तुम्ही दवाखान्यात गेला असतात तरी घसा बघून त्यांनी लेमिएर ओळखला नसता. तेव्हा ओळखण्यासारखं काही नव्हतंच.

खरा वेळ गेला तो सहाव्या रात्रीपासून आठव्या दिवसापर्यंत. दात वाजतील, पलंग हलेल, पांघरुणाने थांबणार नाही अशी हुडहुडी ही नुसती थंडी वाजण्यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. रक्तात जंतू असण्याशी तिचा संबंध फार जवळचा आहे. घशाच्या दुखण्यात उतारावर असताना अशी हुडहुडी भरली की ते दुखणं घशाचं राहिलेलं नाही असंच धरायचं. तिथे त्याच औषधाची दुसरी पट्टी नको, त्याच रात्री दवाखाना हवा. हे तुम्हाला बोल लावायला लिहीत नाही. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेट कमी आल्या की सगळ्यांचं डोकं त्याच दिशेने चालतं, डॉक्टरांचंही.

तो रिपोर्ट घरात असेल तर काढून बघा. प्लेटलेटच्या वर टोटल डब्ल्यूबीसी म्हणून एक आकडा असतो, पांढऱ्या पेशींचा. नेहमीचा हिशेब ४ ते ११ हजार. डेंग्यूत पहिल्या आठवड्यात तो सहसा खाली येतो, ४ हजारांच्या आसपास किंवा कमी. प्लेटलेट पडलेल्या आणि पांढऱ्या पेशी १८-२० हजार, त्यात न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ८५-९० टक्के, असा रिपोर्ट आला तर डेंग्यू मागे पडतो आणि जंतूंचा संसर्ग पुढे येतो. उलट मात्र खरं नाही: फार मोठ्या संसर्गात पांढऱ्या पेशी घसरूही शकतात, म्हणून कमी आकडा पाहून निर्धास्त व्हायचं नाही. या मोसमात मलेरिया असतो, स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) असतो; २०१८ साली नागपूर भागात त्याची साथ आली होती. त्यात काखेत, जांघेत, कमरेवर कुठेतरी चटका बसल्यासारखा काळा खपला शोधायचा असतो. म्हणजे हुडहुडी भरलेल्या माणसाची तपासणी एका डेंग्यूवर संपत नाही.

त्या दिवशी जी तपासणी व्हायला हवी ती ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणं. ती कशी घेतात हे माहीत असू द्या, कारण चुकीची घेतली तर तिचा उपयोग जातो. अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेत जायच्या आधी रक्त घ्यायचं. कातडी औषधाने पुसून ती वाळेपर्यंत थांबायचं, बाटलीचं रबरी झाकणही पुसायचं. मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त, आणि दोन वेगवेगळ्या हातांतून. एका हाताच्या रक्ताच्या दोन बाटल्या: एक हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी, दुसरी हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंसाठी. पुष्कळ ठिकाणी फक्त पहिली पाठवतात. फ्युझोबॅक्टेरियम दुसरीत सापडतो. एकाच सुईने इतर तपासण्यांचंही रक्त घ्यायचं असेल तर कल्चरच्या बाटल्या आधी भरायच्या. आधीपासून लावलेल्या सलाईनच्या नळीतून कल्चर घेऊ नये, नळीवरचेच जंतू उगवतात. बाटली साधारण ५ दिवस मशीनमध्ये राहते. दुसऱ्या दिवशी ‘काही वाढ नाही’ असं आलं म्हणजे निकाल लागला असं नाही. हा जंतू सावकाश वाढतो.

पण कल्चरसाठी उपचार थांबवायचा नसतो. रक्तदाब खाली गेला असेल तर पहिलं अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं. सलाईनही पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटरच्या हिशेबाने देतात, म्हणजे ६० किलोच्या मुलाला जवळपास १,८०० मिलिलिटर. मानेच्या शिरेसाठी डॉप्लर सोनोग्राफी पलंगाजवळही होते. मान आणि छातीचा रंगद्रव्य देऊन केलेला सीटी स्कॅन जास्त स्पष्ट दाखवतो, जबड्याच्या आणि छातीच्या हाडाआड जिथे सोनोग्राफी पोचत नाही तिथलंही. औषधं मुलाला दिली असतील ती बहुधा सेफ्ट्रियाक्झोन आणि मेट्रोनिडॅझोल, नाहीतर पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम. डिस्चार्ज कार्डावर नावं असतील. योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप आठवडाभर रेंगाळू शकतो, कारण पू गुठळीत बसलेला असतो. त्या आठवड्यात तुम्ही किती घाबरला असाल याची कल्पना आहे. अशा वेळी नातेवाईक पेशंट दुसरीकडे हलवायच्या मागे लागतात. श्वास, रक्तदाब, लघवी सुधारत असेल तर ताप आहे एवढ्या कारणाने हलवू नये.

पुन्हा कोणाच्या घरात असं घडलं तर काय पाहायचं, ते आता सांगतो. हे पत्र तुमच्यासारख्या अनेक आयांपर्यंत जाईल.

मानेपासून सुरुवात करा. कानामागून निघून गळपट्टीच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा जाड स्नायू असतो, मान वळवली की तो ताणलेला दिसतो. त्याच्या पुढच्या कडेने, जबड्याच्या कोपऱ्यापासून खाली, हलक्या बोटांनी चाचपत जा. घशाच्या दुखण्यात जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी येतात, त्या साध्या. एकाच बाजूला, या स्नायूच्या कडेने लांबट सूज किंवा दाबल्यावर कळ येत असेल आणि सोबत ताप असेल तर ती शीर असू शकते. मालिश करू नका, शेकूही नका. मग तोंड उघडायला सांगा. स्वतःची तीन बोटं उभी धरून समोरच्या दातांमध्ये सहज जायला हवीत. एकच बोट जातंय, आवाज तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा येतोय, पडजीभ एका बाजूला ढकललेली दिसतेय, तर टॉन्सिलच्या मागे गळू झालंय. ते सुईने किंवा छोटा छेद देऊन रिकामं करावं लागतं, नुसत्या गोळ्यांनी सहसा भागत नाही.

मग श्वास मोजा. माणूस पाच मिनिटं शांत बसलेला असताना, त्याला न सांगता, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर आलं ते मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणू नका, त्यात चूक होते. मोठ्या माणसाचे १२ ते २० ठीक. २२ किंवा जास्त असतील तर दवाखान्यात जायचं, २५च्या वर गेले तर उद्यावर ढकलायचं नाही. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४०, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० ही सीमा. बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा, रंग तीन सेकंदांत परत यायला हवा. नागपूरच्या डिसेंबरच्या पहाटे हात तसेही गार असतात, म्हणून तेव्हा बोटाऐवजी छातीच्या मधल्या हाडावर दाबून बघा. घरी बीपीचं मशीन असेल तर वरचा आकडा १०० किंवा खाली, ऑक्सिजन ९४च्या खाली, बारा तासांत लघवी नाही, बोलताना शब्द अडखळतात, वार विचारला तर चुकतो, ‘झोपू द्या मला’ एवढंच म्हणत राहतो. यातलं एकही दिसलं तरी निघायचं. ग्लानी आणि थकवा यांत घरच्यांची गल्लत होते: थकलेला माणूस हाक मारल्यावर नीट उत्तर देतो आणि मग झोपतो, ग्लानीतला डोळे उघडतो पण बोलण्यात धरबंध नसतो.

स्ट्रेप्टोकोकस रक्तात गेला तर घड्याळ याहून जोरात पळतं. तिथे दिवस नसतात, तास असतात. अंगभर उन्हात भाजल्यासारखी लाली, उलट्या-जुलाब, आणि हातात किंवा पायात अशी वेदना की वरून काहीच दिसत नाही पण माणूस विव्हळतो. या जंतूला रक्तात शिरायला कातडीची वाट घशापेक्षा जास्त सापडते, म्हणून कांजिण्या झालेल्या मुलाला नव्याने ताप चढला तर खास जपायचं. २०२२च्या हिवाळ्यात ब्रिटन, फ्रान्ससह युरोपातल्या काही देशांत लहान मुलांमध्ये असे रुग्ण अचानक वाढले होते आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याची सूचना काढली होती. उपचारात पेनिसिलिनसोबत क्लिंडामायसिन देतात. पेनिसिलिन जंतू मारतं, क्लिंडामायसिन त्याचं विष तयार होणं थांबवतं.

विदर्भात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट, आणि ती वगळून हा विषय पुरा होत नाही. आपल्याकडे सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण बरेच आहेत. सिकलसेलच्या मुलाची प्लीहा लहानपणीच निकामी होते, म्हणजे मघाशी सांगितलेली चाळणीच नसते. अशा मुलाला १०१ ताप आला तर तो घशाचा असो की कशाचा, घरी थांबायचं नाही. तपासणी आणि पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी, जितक्या लवकर होईल तितकं. पाच वर्षांपर्यंत रोज दोनदा पेनिसिलिन आणि न्यूमोकोकसची लस ठरल्याप्रमाणे द्यायची. प्लीहा काढलेले, केमोथेरपी चाललेले, रोज स्टेरॉइड घेणारे आणि साखर ताब्यात नसलेले मधुमेही यांनाही थांबून बघायची सवलत नाही.

अशा वेळी १०८ला फोन लावा, अँब्युलन्स मोफत आहे. नागपुरातली मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं, तिन्हीकडे रात्रीही तातडीचा विभाग चालू असतो. धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या खासगी रुग्णालयात जाणार असाल तर आयसीयूत जागा आहे का हे निघतानाच फोनवर विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि पैसे भरायच्या आधी त्यांना भेटा. डॉक्टरांना मात्र ‘ताप आहे’ एवढंच सांगू नका. असं सांगा: “घसा दुखायला लागून आज सातवा दिवस. मधे दोन दिवस बरा होता. काल रात्री हुडहुडी भरली. मानेला उजवीकडे दुखतंय. या गोळ्या झाल्या.” आणि गोळ्यांची पट्टी हातात द्या. त्या ‘मधे बरा होता’मुळे ऐकणाऱ्याच्या डोक्यात घंटा वाजते. सेप्सिस (संसर्गाने सगळं शरीर कोलमडणं) असू शकतो का, कल्चर घेतलं का, हे दोन प्रश्न विचारायला संकोच करू नका.

मुलाच्या परीक्षेबद्दल. अँटिबायोटिकचा एकूण काळ तीन ते सहा आठवडे असतो, हॉस्पिटलचे १६ दिवस त्यात धरून. घरी दिलेल्या गोळ्या बरं वाटलं म्हणून एक दिवसही आधी थांबवू नका. गुठळीत उरलेले जंतू पुन्हा डोकं काढतात. मेट्रोनिडॅझोलने तोंडाला धातूसारखी चव येते, अन्न नकोसं होतं, लघवी गडद होते. त्याला घाबरू नका, गोळी जेवणानंतर द्या. पण हातापायांना मुंग्या आल्या तर डॉक्टरांना कळवा. ही गोळी चालू असताना दारू नाही, हे १९ वर्षांच्या मुलाला स्पष्ट सांगून ठेवा. रक्त पातळ करणारं औषध दिलं आहे का ते कार्डावर पाहा. या आजारात ते सगळ्यांना देत नाहीत, डॉक्टरांमध्येही यावर दोन मतं आहेत, म्हणून तुमच्या मुलाला दिलं असलं किंवा नसलं तरी ती चूक समजू नका. दिलं असेल तर ते चालू असेपर्यंत क्रिकेटचा सीझन बॉल, कबड्डी, बाइक बंद, आणि दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेन नाही. नंतरच्या डॉप्लरमध्ये शीर बंदच दिसली तरी हातपाय गाळू नका, शेजारच्या शिरा काम उचलतात आणि पुष्कळांना काही त्रास होत नाही. थकवा मात्र आठवडे रेंगाळतो. पेपरला बसवायचा की नाही हे ताप जाऊन किती दिवस झाले, जिना चढून दम लागतो का आणि सीआरपी (रक्तातला सूज-संसर्ग दाखवणारा आकडा) किती उतरला यावर त्याचे डॉक्टर ठरवतील. आमचं मत विचाराल तर या हिवाळीत एक-दोन विषय राहिले तर राहू द्या. ते उन्हाळी परीक्षेत निघतात. ताप परत चढला, छातीत किंवा एखाद्या सांध्यात, विशेषतः खुब्यात, नव्याने दुखायला लागलं, डोकं सतत ठणकलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता भरती केलेल्या ठिकाणीच जा.

‘आता टॉन्सिल काढून टाका’ असं कोणी ना कोणी सुचवेलच. एवढ्या कारणाने लगेच काढत नाहीत. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा नोंद झालेला घशाचा संसर्ग असेल, किंवा टॉन्सिलमागचं गळू पुन्हा पुन्हा होत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ त्याचा विचार करतात.

राहिली नणंद. तिच्याबाबतीत तुमची काळजी रास्त आहे, फक्त तिचं कारण मुलगा नाही, धाकटी आहे. घरातल्या मुलाच्या घशातला स्ट्रेप्टोकोकस हातांवाटे बाळंतिणीपर्यंत पोचू शकतो आणि बाळंतपणानंतरच्या गर्भाशयात त्याला उघडी जखम मिळते. धाकटीला स्ट्रेप्टोकोकस निघाला तर औषध सुरू होऊन २४ तास झाल्यावर ती दुसऱ्याला लागण करण्याइतकी राहत नाही, आणि नणंद येईपर्यंत तिचे दहा दिवस पुरे झालेले असतील. तरी त्या दिवसांत घरात कोणाचाही घसा धरला तर त्याने बाळंतिणीच्या खोलीत जाऊ नये, तिचं जेवण करू नये, बाळाला घेऊ नये. नणंदेने पॅड बदलण्याआधीसुद्धा हात साबणाने धुवायचे, नंतर तर धुवायचेच. आपल्याकडे आधीचं राहून जातं. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत तिला १००.४ ताप आला, हुडहुडी भरली किंवा ओटीपोटात वाढतं दुखणं सुरू झालं तर ‘दूध भरलं असेल’ म्हणून काढा देत बसू नका. अंगावरून जाण्याला वास नसला तरी हा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी तिच्या प्रसूतितज्ज्ञांकडे न्या, आणि घरात नुकताच कोणाचा घसा दुखत होता हे त्यांना सांगा.